हरमलचे घर

आमच्या आदिलाबाद जिल्ह्यातील मनुष्याने समुद्र बहुधा शाळेतील नकाशातच पाहिलेला असतो. उत्तरेस पैनगंगा, दक्षिणेस गोदावरी आणि मध्ये कापसाची काळी जमीन व सागाची राने, एवढे या जुन्या जिल्ह्याचे जग. १९५६ साली किनवट व राजुरा हे भाग तुटून मुंबई राज्यात गेले, २०१६ साली उरलेल्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. परंतु पाण्याच्या बाबतीत आमचे दैव काही बदलले नाही. पावसाळ्यात कुंतालाचा धबधबा पाहून आले, म्हणजे आमच्या माणसांची जलदर्शनाची हौस वर्षभरापुरती फिटते. अशा प्रांतातील एका कुटुंबाने समुद्रकाठी घर विकत घेण्याचे मनात आणावे, हे ऐकून वाचकांस नवल वाटेल. आम्हांसही वाटले.

कुटुंब आमच्याच धर्मग्रामातील. वडील कापूस पिकवितात. थोरला मुलगा आखाती देशात एका मोठ्या हॉटेलच्या भटारखान्यात नऊ वर्षे राबून परतला आहे. तेथे त्याच्या शेजारच्या चुलीवर काम करणारा एक गोमंतकीय मित्र होता. त्याने आपल्या भागातील हरमल गावाचे वर्णन इतके रसभरित केले की, मुलाच्या मनात तेच गाव घर करून बसले. एक जुने कौलारू घर विकाऊ आहे. मागील आवारात सात-आठ खोल्या बांधाव्यात, परदेशी पाहुण्यांस भाड्याने द्याव्यात, स्वतःच्या हातचे जेवण त्यांस वाढावे आणि पुन्हा आखाताचे तोंड पाहू नये, असा त्याचा बेत. कापूस बाजार समितीच्या आवारात जाऊन त्याचे पैसे हाती आले होते. मुलाची नऊ वर्षांची शिल्लक बँकेत होती. वडील म्हणाले, "फादर, आपण बरोबर चला. तिकडचे कागद पोर्तुगीज भाषेत असतात म्हणे." सेमिनरीत आमच्या वाट्यास लॅटिन बेताचेच आले आणि पोर्तुगीज तर मुळीच नाही, परंतु फादरांस सर्व परकीय लिप्या वाचता येतात, हा आमच्या लोकांचा विश्वास मोडवत नाही. शिवाय ज्या पैशावर एका घराची दोन पिढ्यांची मेहनत उभी आहे, तो पैसा अनोळखी गावी दलालाच्या हाती पडण्यापूर्वी चार माणसांनी मिळून कागद पाहिलेला बरा, असे आम्हांसही वाटले. म्हणून जानेवारीच्या अखेरीस वडील, माउली, मुलगा आणि आम्ही असे चौघे निघालो.

नंदीग्राम एक्सप्रेसने मुंबई आणि तेथून कोकण रेल्वेने थिवी, असा हा मार्ग. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि मुंबईहून गोव्यास जाणे एका रात्रीचे काम झाले. थिवीहून म्हापसा, म्हापशाहून शिवोली, तेथील पुलावरून शापोरा नदी ओलांडली की पेडणे तालुका लागतो. हा तालुका पोर्तुगीजांकडे अठराव्या शतकाच्या अखेरीस, १७८८ साली आला. त्यामुळे गोव्याच्या 'नव्या काबिजादी'त त्याची गणना होते. बार्देस आणि तिसवाडी या जुन्या काबिजादींत चर्चचे पांढरे मनोरे जितके दाट दिसतात, तितके येथे दिसत नाहीत. मराठी मात्र येथे घरोघर समजते. आमच्या माउलींस तेवढ्यानेच धीर आला. याच तालुक्यात मोपा येथे डिसेंबर २०२२ मध्ये नव्या विमानतळाचे उद्‍घाटन झाले आणि जानेवारी २०२३ पासून तेथे विमाने उतरू लागली. विमानतळापाठोपाठ जमिनीचे दलालही उतरले, असे आमच्या मोटारचालकाने सांगितले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंस लागलेल्या विक्रीच्या पाट्या पाहता त्याचे म्हणणे अतिशयोक्तीचे वाटले नाही.

हरमलचा किनारा पाहून आमच्यापैकी कोणीच पुष्कळ वेळ काही बोलले नाही. वडिलांनी धोतर सावरून पाण्यात पाय बुडविले आणि ओंजळभर पाणी चाखून पाहिले. खारट आहे हे ठाऊक असूनही पाहिले. उत्तरेकडे खडकांच्या कडेकडेने एक वाट जाते. त्या वाटेने वळसा घातला की, समुद्राला अगदी लागून गोड्या पाण्याचे एक तळे आहे. एका हाताला खारे पाणी, दुसऱ्या हाताला गोडे. माउलींस या तळ्याचे जेवढे कौतुक वाटले तेवढे समुद्राचे वाटले नाही. गावात माउंट कार्मेलच्या पवित्र मरियेचे चर्च आहे. गिरकरवाडा म्हणून मासेमारांची वस्ती किनाऱ्यालगत आहे. सकाळी तेथे जाळी सुकत होती, होड्या वाळूवर ओढलेल्या होत्या आणि त्याच होड्यांच्या सावलीत एक परदेशी तरुणी डोळे मिटून योगासन करीत बसली होती. सायंकाळी सूर्य बुडण्याच्या सुमारास वाळूवर गोल करून लोक ढोल वाजवितात. कोणी नाचतो, कोणी आगीचे चेंडू फिरवितो, कोणी स्वतःच विणलेल्या बांगड्या चादरीवर मांडून विकतो. केसांच्या जटा झालेला एक वृद्ध गोरा गृहस्थ आम्हांस हात जोडून 'नमस्ते' म्हणाला. कदाचित आमचा झगा पाहून त्याने आम्हांस आपल्याच पंथातील समजले असावे.

अशा स्वच्छंदी जीवनास इंग्रजीत 'बोहेमियन' म्हणतात. बोहेमिया हा आजच्या चेक देशाचा प्रांत. भटके जिप्सी लोक त्या प्रांतातून आले, अशी फ्रेंच लोकांची एके काळी समजूत होती आणि म्हणून घरदार, घड्याळ व नोकरी यांची पर्वा न करणाऱ्या चित्रकार-कवींसही तेच नाव पडले. गोव्यात हे लोक १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात आले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्यास तेव्हा थोडीच वर्षे लोटली होती. युरोपातून इस्तंबूल, तेहरान, काबूल असा बसने प्रवास करीत हे तरुण हिंदुस्थानात उतरत. १९७९ साली इराणात क्रांती झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या, तेव्हा ती वाट बंद पडली. तोपर्यंत कळंगुट, बागा आणि विशेषतः हणजूण ही नावे जगभर पसरली होती. 'आठ बोटांचा एडी' म्हणून प्रसिद्ध असलेला अमेरिकन गृहस्थ हणजुणे येथे या मंडळींचा वडीलधारी होता; तेथील बुधवारचा बाजार सुरू करणाऱ्यांत त्याचे नाव घेतले जाते. तो २०१० साली गोव्यातच वारला. प्रथम हे लोक जुन्या वस्तू विकून परतीच्या भाड्याचे पैसे उभे करीत. आज तो बाजार व्यापाऱ्यांचा झाला आहे.

यातील खरी मौज पुढे आहे. या मंडळींस पैशाची पर्वा नव्हती आणि म्हणूनच ती पैसा नसलेल्या गावांत राहावयास गेली. मासेमारांनी त्यांस ओसरी दिली, एखादी खोली दिली. मग त्यांची कीर्ती ऐकून दुसरे आले. त्यांच्या खिशात अधिक होते. मग तिसरे आले, ते विमानाने आणि पंधरा दिवसांसाठी. हणजूण महाग झाले तसे खरे भटके उत्तरेस सरकून हरमलास आले. आता हरमलही महाग झाले. ज्यांनी गावाला नाव मिळवून दिले ते निघून जातात आणि त्या नावाची किंमत मात्र जमिनीला चिकटून राहते. इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यातील सेंट आइव्ह्ज या मासेमारांच्या गावाची हीच कथा. १८७७ साली तेथे रेल्वे गेली, चित्रकार येऊन राहिले, त्यांच्या चित्रांनी गाव प्रसिद्ध झाले आणि अखेर सुट्टीपुरती घरे घेणाऱ्यांमुळे गावच्या मुलांस घर मिळेनासे झाले. मे २०१६ मध्ये गावकऱ्यांनी मतदान घेऊन ठरविले की, यापुढे नवीन बांधलेले घर जो तेथे कायमचा राहील त्यालाच मिळावे. शेकडा ८० हून अधिक मते या ठरावाच्या बाजूने पडली. मतदानात बोलावयास तोंड असलेले ते गाव भाग्याचेच म्हणावयाचे.

आता घराकडे वळू. घर खरोखर सुंदर होते, यात शंका नाही. चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौले, पुढे दोन्ही बाजूंस बसण्याचे कट्टे असलेले 'बाल्कांव' आणि खिडक्यांना काचेऐवजी घासून पातळ केलेल्या शिंपल्या. त्यांतून उजेड आत येतो, पण दृष्टी येत नाही. अंगणात पांढरा क्रूस, मागे विहीर आणि नारळाची सहा झाडे. मुलाने आल्याआल्या पावले मोजून खोल्यांची जागा ठरविण्यास प्रारंभ केला. दलालाने मागणीचा आकडा सांगितला तेव्हा वडिलांनी हातातील पाण्याचा तांब्या हळूच खाली ठेवला. "या भावात आमच्याकडे अख्खे शिवार येईल," एवढेच ते म्हणाले. दलाल हसला. उद्याच्या उद्या बयाणा दिला तर आकडा थोडा उतरेल, असे त्याने सुचविले. विकणाऱ्या आजीबाईंनी आम्हां सर्वांस आत बोलावून कोकम सरबत दिले. त्या वेळी माउलींनी एकच प्रश्न विचारला, "आजी, मे महिन्यात विहिरीला पाणी असते काय?" आजीबाईंनी उत्तर देण्यापूर्वी दलालाने "भरपूर!" असे सांगून टाकले. आजीबाई काही बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी म्हापशाच्या एका अनुभवी वकिलांकडे आम्ही कागद घेऊन बसलो. तेथे आम्हांस जे शिकावयास मिळाले, ते समुद्रकाठी घर घेऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाने ऐकावे म्हणून थोडे विस्ताराने देतो.

गोव्यात १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा १८७० साली लागू झाला आणि त्यातील कुटुंब व वारसा यांविषयीचे नियम गोवा मुक्त झाल्यावरही चालू राहिले. वारशाची कलमे आता गोवा विधानसभेने २०१२ साली केलेल्या व २०१६ पासून अमलात आलेल्या कायद्यात आली आहेत. त्याचे सार असे की, लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल तर पतिपत्नींची सर्व मालमत्ता दोघांची समाईक होते. माहेरची, सासरची, वारशाने आलेलीही. एकाच्या सहीने घर विकता येत नाही, दोघांचीही सही लागते. मृत्यूनंतर अर्धा भाग जिवंत असलेल्या जोडीदाराचा आणि उरलेला अर्धा मुलांचा, त्यातही मुलगा व मुलगी यांत भेद नाही. बापास मृत्युपत्र करून आपल्या वाट्याच्या अर्ध्याच भागाची इच्छेप्रमाणे विल्हेवाट लावता येते, उरलेला अर्धा मुलांपासून हिरावता येत नाही. स्त्रियांच्या दृष्टीने हा कायदा आपल्याकडील पुष्कळ कायद्यांपेक्षा उदार आहे, असे आमचे मत झाले. वकिलांपाशी बसलेल्या माउलींचे तर तत्काळ झाले.

परंतु विकत घेणाऱ्यास हाच उदारपणा जड जातो. त्या घराचे मूळ मालक व त्यांच्या पत्नी केव्हाच दिवंगत झाल्या. त्यांना पाच मुले. त्यांपैकी तिघे हयात, दोघे वारले. त्या दोघांची मिळून सहा मुले. म्हणजे नऊ वारस. नवांपैकी आठ विवाहित, आणि समाईक मालमत्तेच्या नियमामुळे आठांच्या जोडीदारांचीही सही हवी. शिवाय आमच्या आजीबाई या वारलेल्या दोघांपैकी एकाच्या विधवा, त्यांची सही वेगळी. एकूण अठरा. दलालाजवळ सह्या होत्या चार. उरलेली माणसे लिस्बन, इंग्लंडातील स्विंडन, टोरोंटो आणि कुवेत येथे विखुरलेली. यात आश्चर्य काही नाही. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांस आणि त्यांच्या पुढील पिढ्यांस पोर्तुगालचे नागरिकत्व नोंदविण्याची सोय आहे, आणि ते घेऊन हजारो गोमंतकीय कॅथलिक कुटुंबे युरोपात गेली आहेत. अशा वेळी दिवाणी न्यायालयापुढे 'इन्व्हेंतारिओ' म्हणजे मालमत्तेची यादी व वाटणी यांचे काम चालवावे लागते. कुटुंबातील एकास 'काबेसा द काझाल', म्हणजे घराचा मुख्य, नेमतात. जी वस्तू तुकडे करून वाटता येत नाही, तिच्यासाठी वारस आपापसांत बोली लावू शकतात. आणि हे न होताच एकाने आपला हिस्सा बाहेरच्याला विकला, तर इतर सहहिस्सेदार तो हिस्सा स्वतः प्रथम घेण्याचा हक्क सांगू शकतात.

दलाल म्हणाला, "कुवेतवाला आपलाच माणूस आहे." वकिलांनी शांतपणे विचारले, "आणि त्याची बायको?"

मग 'एक-चौदा'चा उतारा पाहिला. आपल्या मराठवाड्यातील सातबाराचा हा गोव्याचा भाऊ. आमच्याकडे पूर्वी पहाणी म्हणत आणि आता पट्टादार पासबुक चालते. जमीन कोणत्या प्रकारची, मालक कोण, कूळ कोण, हे या उताऱ्यावर असते. त्याखेरीज पोर्तुगीज काळातील नोंदणीचे कागद वेगळे, ते त्या भाषेत. त्यांचे भाषांतर करून घ्यावे लागते. आमच्या लॅटिनच्या आधारे 'मातेर', 'दोमुस' असे काही सापडते का, हे आम्ही पाहिले. सापडले नाही. उताऱ्यावर मागील कोपऱ्यात एक नाव 'मुंडकार' म्हणून लिहिलेले होते. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जागेत त्याच्या संमतीने पिढ्यान्‌पिढ्या झोपडी करून राहणारा तो मुंडकार. १९७५ च्या कायद्याने त्याला घरातून काढता येत नाही. उलट ठरावीक किंमत देऊन तो आपले घर व पंचायत हद्दीत ३०० चौरस मीटरपर्यंत जागा विकत घेण्यास पात्र आहे. सहाही नारळ त्याच कोपऱ्यात होते. त्या झोपडीपुढे आम्ही आदल्या दिवशी दोन मुले गोट्या खेळताना पाहिली होती. "त्यांना थोडे पैसे दिले की जातील," असे दलाल म्हणाला होता. वडिलांना ते बोलणे आवडले नाही. ते शेतकरी आहेत. कूळ हा शब्द त्यांच्या घराने दोन्ही बाजूंनी पाहिला आहे.

सर्वांत मोठी अडचण समुद्रानेच आणली. १९९१ साली केंद्र सरकारने किनाऱ्याच्या रक्षणार्थ नियम केले. भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरचा पट्टा नियंत्रित ठरविला आणि ग्रामीण भागात त्यातील पहिल्या २०० मीटरांत नवीन बांधकामास मनाई केली. २०११ व २०१९ मध्ये त्या नियमांत फेरफार झाले. तथापि गावकिनाऱ्याचा पहिला पट्टा मोकळा राखावयाचा हे मूळ सूत्र टिकले आहे. जुन्या घराची आहे त्या आकारात दुरुस्ती करता येते. सात खोल्या नव्याने बांधता येत नाहीत. आमच्या मुलाने ज्या पावलांनी खोल्यांची जागा मोजली होती, त्याच पावलांनी त्याने भरतीची रेषाही मोजली; अंतर २०० मीटरांच्या पुष्कळ आत भरले. "पण फादर, शेजारी तर तीन मजले उभे आहेत!" असे तो म्हणाला. खरे आहे, उभे आहेत. हणजुणे येथील आणि हरमलच्या गिरकरवाड्यातील अशा बांधकामांचे प्रश्न २०२३-२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेले, आणि किती तरी इमारतींना टाळी लागली. ज्याने बांधले तो बहुधा आपले पैसे वसूल करून गेलेला असतो. टाळे पाहावयास शेवटचा खरेदीदार तेवढा हजर राहतो.

शेतीच्या जमिनीची गोष्ट आणखी निराळी. भातशेती बिगरशेतकऱ्यास विकण्यास गोव्यात २०२३ च्या कायद्याने बंदी केली आहे. बांधकामासाठी जमिनीचा उपयोग बदलावयाचा तर 'सनद' लागते. परदेशी नागरिकाबाबत तर चलनविषयक १९९९ चा कायदा आहे. प्रवासी म्हणून आलेल्या परक्यास येथे घर विकत घेता येत नाही. किनाऱ्यावरील कित्येक गोऱ्या गृहस्थांनी 'हे माझे घर' म्हणून दाखविलेली घरे कागदोपत्री कोणाची आहेत, हा प्रश्न न विचारलेलाच बरा. आणि बनावट कागद हा तर स्वतंत्र अध्यायच. मालक परदेशी, घर बंद, वारसांस खबर नाही, हे हेरून पोर्तुगीज काळच्या तारखा घातलेली खोटी खरेदीखते तयार करण्यात आली. हणजूण, आसगाव या बाजूची अनेक कॅथलिक घराण्यांची मालमत्ता अशी परस्पर विकली गेली. २०२२ साली गोवा सरकारला या प्रकरणांसाठी पोलिसांचे विशेष तपास पथक नेमावे लागले आणि निवृत्त न्यायाधीशांचा एकसदस्य आयोगही बसला. त्या पिढ्यांनी आगबोटीवर आणि आफ्रिकेत राबून बांधलेली ती घरे! आपल्या मुलांनी तीच वाट धरली आहे, तेव्हा गावाकडील उतारा वर्षातून एकदा पाहून ठेवावा, एवढे आम्ही या निमित्ताने आमच्या वाचकांस सुचवून ठेवतो.

तिसऱ्या दिवशी सायंकाळी आम्ही पुन्हा आजीबाईंकडे गेलो; या वेळी दलालावाचून. बाल्कांवात बसून त्या मोकळेपणी बोलल्या. मुलगी स्विंडनला, ती येणार नाही. पाय दुखतात, कौले शाकारावयास माणूस मिळत नाही. रात्री समुद्राकडून येणारे ते ठोक्यांचे संगीत उशाशी घण घातल्यासारखे ऐकू येते. विहिरीविषयी त्यांनी आपणहून सांगितले. पूर्वी सांजांवच्या दिवशी, म्हणजे २४ जूनला, डोक्यावर फुलांची कोपेल घालून वाड्यावरील मुले याच विहिरीत उड्या मारीत. आता एप्रिलनंतर पाण्यास खारट चव येते, कारण आजूबाजूच्या पाहुणेघरांनी खोल कूपनलिका मारल्या आहेत. वाड्यावरील क्रूसापाशी दरवर्षी लादाइन होते. पूर्वी वीस घरे जमत, आता सहा जमतात. घर विकल्यावर अंगणातील क्रूस घेणाऱ्याने ठेवावा, एवढी अट लिहिता येईल का, असे त्यांनी आम्हांस विचारले. दलालाने ती अट हसण्यावारी नेली होती. आमच्या माउली म्हणाल्या, "आम्ही घेतले तर क्रूस राहील, आजी. पण आम्ही घेऊ की नाही हे मला ठाऊक नाही."

परतताना आमच्या मनात आदिलाबादचे विचार येत होते. गोव्यात फार जुन्या काळापासून 'गावकारी' म्हणजे कोमुनिदाद ही संस्था आहे. गावची जमीन गावकऱ्यांच्या मंडळाची. तिची शेते लिलावाने कसावयास द्यावयाची, बांध व मानशी दुरुस्त करावयाच्या, देवालयाचा वा चर्चचा खर्च भागवावयाचा आणि उरेल ते 'झण' म्हणून गावकऱ्यांत वाटावयाचे. पोर्तुगीज आले तेव्हा ही व्यवस्था चालू होती आणि १५२६ साली त्यांनी तिचे रीतिरिवाज लेखी नोंदविले. अशा २२३ कोमुनिदादी गोव्यात आहेत. तिच्यात दोषही होते. परंपरेने हक्क पुरुष वंशजांचा, आणि बाहेरून येऊन शेकडो वर्षे राबणाऱ्यास गावकार होता येत नसे. पण जमीन ही कोणा एकाच्या खिशातील वस्तू नव्हे, ही समजूत तिच्यात होती. कूळकायदे आले, नोकऱ्या आल्या, झणाची रक्कम चहापाण्याची उरली आणि ती समजूतही पातळ झाली.

आमच्याकडील गोंड बांधवांची कथा वेगळ्या वाटेने त्याच ठिकाणी येते. गेल्या शतकाच्या आरंभी सडका व रेल्वे आल्या आणि पैनगंगेपलीकडून व इतरत्रून शेतकरी व सावकार येऊन गोंडांच्या जमिनी कधी कर्जाच्या, कधी कागदाच्या बळावर आपल्या नावे करू लागले. त्यांत मराठी बोलणारे पुष्कळ होते, हे आपण मराठी वाचकांनी विसरू नये. १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात कुमरम भीम मारला गेला. त्यानंतर निजाम सरकारने हैमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञास पाठविले व काही जमिनींचे पट्टे गोंडांस मिळाले. १९५९ चा नियम पुढे तेलंगणास लावण्यात आला आणि १९७० च्या दुरुस्तीने तो अधिक कडक झाला. अनुसूचित क्षेत्रातील जमीन आदिवासीवाचून इतरांस विकता येत नाही. विकली तर व्यवहारच रद्द. या नियमाविषयी आमच्या बाजारपेठेत कुरकूर नेहमी ऐकू येते. मालकास आपली वस्तू चांगल्या भावाने विकता येऊ नये, हा कोणता न्याय, असे म्हणतात. या प्रश्नात थोडे तथ्य आहे. मुलीच्या लग्नाला वा इस्पितळाला पैसा लागतो तेव्हा गोंड शेतकऱ्यासही तो सलतो. तरीही उटनूरच्या बाजूस गोंडांची गावे अजून गोंडांची आहेत, आणि हरमल पाच-पंचवीस वर्षांनी कोणाचे असेल हे सांगता येत नाही. गाडीत आम्ही हे बोलून दाखविले, तेव्हा मुलगा म्हणाला, "फादर, गोंडाची जमीन घेण्याचा विचार आमच्या घरात कधी आला नाही. मग आजीबाईंची घेताना मला वाईट का वाटावे? त्या तर स्वखुशीने देताहेत." त्यावर वडिलांनी खिडकीबाहेर पाहत उत्तर दिले, "स्वखुशीने देताहेत, पण मागील झोपडीतल्यांना कोणी विचारले?" मुडखेडपर्यंत मग कोणी त्या विषयावर बोलले नाही.

बयाणा दिला नाही. वकिलांनी महिनाभर शोध घेऊन लेखी मत पाठविले: इन्व्हेंतारिओ पूर्ण होऊन अठराही सह्या होईपर्यंत एक पैसाही देऊ नये, मुंडकाराची बाब मिटवावी आणि नव्या खोल्यांचा विचार सोडावा. मुलाचे मन मात्र अजून समुद्राकडेच आहे. त्याने मित्राच्या ओळखीने मांद्रे येथे, किनाऱ्यापासून दूर, रस्त्याच्या कडेची दोन खणांची जागा अकरा महिन्यांच्या कराराने भाड्याने घेतली आहे. तेथे तो जेवण देणार आहे. ज्वारीची भाकरी आणि आमच्याकडील झणझणीत वरण परदेशी पाहुण्यांस रुचेल काय, हे यंदाच्या मोसमात कळेल. वडिलांनी पैसे सध्या बँकेतच ठेवले आहेत.

आजीबाईंचे पत्र माउलींस आले होते. कौले त्यांनी पावसाळ्यापुरती शाकारून घेतली, मुंडकाराचा मुलगा वर चढला होता. घर अजून विकलेले नाही.